स्पंजच्या आत पाणी ढकलतं कोण? नागपूरच्या कूलरपासून सुरुवात करू

स्पंज हा एका जागी चिकटून राहणारा पाण्यातला प्राणी. त्याच्या अंगात पाणी खेळवणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याला नाल प्रणाली म्हणतात, आणि ॲस्कॉन, सायकॉन, ल्यूकॉन हे तिचे तीन प्रकार. प्रश्न बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "ॲस्कॉन, सायकॉन, ल्यूकॉन तिन्ही आकृत्या पाठ आहेत, बाणही काढता येतात. पण पाणी आत ओढतं कोण, ते उलट का फिरत नाही, आणि ल्यूकॉनला सगळ्यात प्रगत का म्हणायचं, हे कुठेच नीट सापडत नाही. शिवाय सायकॉनच्या स्लाइडमध्ये इनकरंट आणि रेडियल कॅनॉल दर वेळी उलटसुलट होतात."

मी नागपुरात सव्वीस वर्षं प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली आहेत, आणि हा प्रश्न दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतोच. बहुतेक जण विचारत नाहीत, पाठ करून मोकळे होतात. तुमची नावं चुकत नाहीयेत. घोळ असा आहे की पुस्तकातल्या आकृतीत बाण असतात, पण पंप कुणी काढून दाखवत नाही. मग पाणी बाणाच्या जोरावरच वाहतंय असं वाटू लागतं. म्हणून आपण आधी पंप बघू, मग नळ्या, आणि नावं शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. "स्पंज किती पाणी उपसतो?" याला एक उत्तर नाही. जात कोणती, आकार केवढा, पाणी थंड की कोमट, गढूळ की स्वच्छ, बाहेर प्रवाह आहे की पाणी साचलेलं, यावर ते ठरतं. तोच स्पंज गाळ आला की पंप मंदावतो, कधी बंदही करतो. त्यामुळे खाली मी आकडे देईन ते एका विशिष्ट स्पंजचे आहेत, सगळ्यांना लावू नका.

आता एक प्रसंग. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, त्यामुळे आमच्या मुलांसाठी स्पंज म्हणजे फॉर्मलिनच्या बरणीतला पिवळट तुकडा. पण जगातल्या नऊ हजारांवर स्पंज जातींपैकी अडीचशेच्या आसपास गोड्या पाण्यातल्या आहेत, आणि आपल्याकडच्या तलावांतही त्या सापडतात. मुंबईच्या तळ्यांतल्या अशाच स्पंजांवर ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८४०च्या दशकात काम केलं होतं. एका हिवाळ्यात मी शहराजवळच्या एका जुन्या तलावावर गेलो होतो. पाण्यातल्या दगडी पायरीच्या खालच्या अंगाला हात घातला तर राखाडी, खरबरीत, पोळ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी लागलं. हाताला जो वास आला तो साबणानंसुद्धा लवकर जाईना. गोड्या पाण्याचा स्पंज ओळखायची ही एक खूणच आहे म्हणा. त्याच्या पृष्ठभागावर पेन्सिलीचं टोक जाईल एवढी दोन-तीन भोकं स्पष्ट दिसत होती. ती ऑस्क्युलम, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं. बाकीचा पृष्ठभाग नुसता रवाळ.

सुटा दगड बघून आम्ही तो बादलीत तलावाच्याच पाण्यात आणला आणि प्रयोगशाळेत ट्रेमध्ये ठेवला. कार्माइन या लाल रंगाची बारीक पूड पाण्यात कालवून ड्रॉपरनं स्पंजच्या अंगावर हलकेच सोडली. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग लाल धुक्याचा पृष्ठभागालगतचा थर हळूहळू, अगदी आळसावल्यासारखा, खाली सरकायला लागला. आणि मोठ्या भोकासमोरचं लाल धुकं मात्र बाजूला फेकलं गेलं. तिथे स्वच्छ पाण्याची एक गोल खिडकी तयार झाली. अर्ध्या तासानं स्पंजच्या अंगात गुलाबी झाक दिसू लागली. आत गेलेली पूड आतच अडकली होती.

आमच्या प्रयोगशाळेतले परिचर, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "सर, हे त आपल्या कूलरसारखंच झालं ना जी!" सव्वीस वर्षांत स्पंजच्या नाल प्रणालीचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही.

होळी झाली की आपल्याकडे माळ्यावरचे कूलर खाली येतात. कूलरला तीन बाजूंनी गवताच्या ताट्या. हवा त्या तिन्ही ताट्यांच्या सगळ्या पृष्ठभागातून आत येते, इतकी हळू की ताटीला हात लावला तर ओढ जेमतेम जाणवते. तीच हवा समोरच्या जाळीतून झोतानं बाहेर पडते. येणारी आणि जाणारी हवा तेवढीच, पण येण्याची जागा मोठी म्हणून वेग कमी, जाण्याची जागा लहान म्हणून वेग जास्त. हवा ताटीतून हळू जाते म्हणूनच तिला ओल घ्यायला वेळ मिळतो. आणखी एक, जे नागपूरकरांना सांगावं लागत नाही: कूलर खिडकीबाहेर लावतात. खोलीच्या आत ठेवला तर तो आपणच सोडलेली दमट हवा पुन्हा ओढतो आणि तासाभरात अंग चिकचिक होतं.

स्पंजपुढे हेच दोन प्रश्न आहेत. पाणी पेशींजवळून हळू गेलं पाहिजे, नाहीतर त्यातले जीवाणू टिपता येणार नाहीत. आणि वापरलेलं, प्राणवायू कमी झालेलं, घाण मिसळलेलं पाणी इतकं लांब फेकलं पाहिजे की ते परत तोंडाशी येऊ नये. स्पंज एका जागी चिकटलेला, त्याला खिडकी बदलता येत नाही. सगळी नाल प्रणाली या दोन गरजांभोवती उभी आहे.

मामांची उपमा एका जागी मात्र तोकडी पडते, आणि तुमचा मूळ प्रश्न नेमका तिथेच आहे. कूलरला एक मोठा पंखा असतो, तोही बाहेर जाणाऱ्या वाटेवर. स्पंजच्या ऑस्क्युलमपाशी कुठलाही पंखा नाही. तिथून झोत निघतो म्हणून पाणी तिथून "ओढलं" जातं असं मुलांना वाटतं. पंखे आत आहेत, लाखोंनी आहेत, आणि प्रत्येक एका पेशीएवढा आहे. त्या म्हणजे कॉलर पेशी, कोॲनोसाइट.

कॉलर पेशी जवळून बघा. गोल अंग, त्यातून निघालेली एक लांब कशाभिका, म्हणजे चाबकासारखा हलणारा धागा, आणि तिच्याभोवती वीस ते चाळीस सूक्ष्म बोटांची कॉलर, बुरुडाच्या टोपलीच्या उभ्या कामट्यांसारखी. कशाभिका बुडापासून टोकाकडे लाट मारते, त्यामुळे पाणी टोकाच्या दिशेनं ढकललं जातं. त्याची जागा भरायला बाजूचं पाणी कॉलरच्या कामट्यांमधल्या फटींतून आत येतं. फटी इतक्या अरुंद की जीवाणू बाहेरच अडकतो, पेशी त्याला गिळते आणि बरेचदा पुढच्या पचनासाठी आर्किओसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पेशीकडे सोपवते. म्हणजे पंखा आणि चाळणी एकच. मोठे कण इथवर पोचतही नाहीत, ते अलीकडच्या नळ्यांतच दुसऱ्या पेशी गिळतात.

या पेशी एका तालात काम करत नाहीत. वल्हवणाऱ्या नावेसारखं "हैय्या हो" इथे नाही, प्रत्येक कशाभिका आपापल्या लयीत. तरी पाणी एकाच दिशेला का जातं? या पेशी स्पंजच्या आतल्या कप्प्यांच्या भिंतींवर बसलेल्या असतात, आणि एका कप्प्यातल्या सगळ्या पेशींची टोकं कप्प्याच्या आतल्या पोकळीकडे रोखलेली असतात. शिवाय कप्प्यात यायची दारं, प्रोसोपाइल, बारीक; बाहेर जायचं दार, ॲपोपाइल, रुंद. ढकललेलं पाणी सोपी वाट धरतं. उलट का फिरत नाही, याचं उत्तर एवढंच. झडप वगैरे शोधत बसू नका.

आता वेगाचे आकडे. इंग्रज संशोधक बिडर यांनी १९२३ साली स्पंजचा आकार आणि त्याचा प्रवाह यांचा संबंध मांडला. ल्यूकोनिया या १० सेंटीमीटर उंच, १ सेंटीमीटर जाड, म्हणजे साधारण बोटाएवढ्या स्पंजचे आकडे पाठ्यपुस्तकांत नेहमी येतात: सुमारे ८१,००० इनकरंट कॅनॉल (पाणी आत आणणाऱ्या नळ्या), वीस लाखांहून जास्त कशाभिकायुक्त, म्हणजे कॉलर पेशींचे, कप्पे, दिवसाला साधारण २२.५ लिटर पाणी. इनकरंट कॅनॉलमध्ये वेग सेकंदाला ०.१ सेंटीमीटर. कप्प्यात शिरल्यावर तो ०.००१ सेंटीमीटरवर येतो. आणि ऑस्क्युलममधून बाहेर पडताना ८.५ सेंटीमीटर.

हे आकडे पाठ करू नका, कागद घ्या. क्षेत्रफळ गुणिले वेग हा गुणाकार सगळ्या टप्प्यांवर सारखाच राहणार, कारण पाणी मध्येच कुठे साठत नाही. दिवसाला २२.५ लिटर म्हणजे सेकंदाला पाव मिलिलिटरहून किंचित जास्त. त्याला ८.५ नं भागा, ऑस्क्युलमचं क्षेत्रफळ मिळतं, आणि त्यावरून व्यास जेमतेम २ मिलिमीटर निघतो. कप्प्यांपासून ऑस्क्युलमपर्यंत वेग साडेआठ हजार पटींनी वाढला, म्हणजे वाटेचं एकूण क्षेत्रफळ तेवढ्याच पटींनी आक्रसलं. एकेक कप्पा अतिसूक्ष्म असला तरी लाखो कप्पे मिळून पात्र प्रचंड होतं. नदी मैदानात पसरली की संथ होते आणि पुलाखालच्या मोऱ्यांतून जाताना जोर धरते, तसंच. आणखी एक गंमत: त्या स्पंजचं स्वतःचं घनफळ जेमतेम ८ मिलिलिटर. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला तो स्वतःएवढं पाणी अंगातून काढतो.

एवढं हातात आलं की तीन प्रकार आपोआप उलगडतात.

ॲस्कॉन म्हणजे पातळ भिंतीची एक पिशवी. पाणी ऑस्टियातून, म्हणजे पोरोसाइट या नळीसारख्या पेशीच्या भोकातून, थेट मधल्या पोकळीत येतं आणि ऑस्क्युलममधून जातं. मधली पोकळी, स्पंजोसील, हीच कॉलर पेशींनी मढवलेली. उदाहरण ल्यूकोसोलेनिया. अडचण अशी की ही पिशवी वाढवता येत नाही. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आतलं पाणी आठपट होतं, पंखे बसवायची भिंत मात्र चौपटच. मधलं पाणी भिंतीपासून लांब पडतं, त्याला ढकलणारं कुणी नसतं. म्हणून ॲस्कॉन प्रकारचे स्पंज बारीक नळ्यांचेच राहतात.

मग काय करायचं? साडीला निऱ्या घालतो तेच. कंबर तेवढीच, कापड कितीतरी जास्त. ॲस्कॉनच्या भिंतीला निऱ्या घातल्या की सायकॉन. निरीचा जो भाग बाहेरच्या बाजूला फुगतो, त्याची आतली पोकळी म्हणजे रेडियल कॅनॉल, आणि कॉलर पेशी आता फक्त तिथेच. दोन निऱ्यांच्या मधली बाहेरून आत येणारी फट म्हणजे इनकरंट कॅनॉल, तिला चपट्या पिनॅकोसाइट पेशींचं अस्तर. मार्ग असा: डर्मल ऑस्टिया (बाहेरच्या पृष्ठभागावरची भोकं), इनकरंट कॅनॉल, प्रोसोपाइल, रेडियल कॅनॉल, ॲपोपाइल, स्पंजोसील, ऑस्क्युलम. स्पंजोसीलमध्ये आता एकही पंखा नाही, ती फक्त बाहेर जायची गल्ली झाली. हा फरक पेपरात लिहायला विसरतात आणि गुण तिथेच जातात. पुस्तकात ग्रँशिया हे नाव दिसलं तर ते सायकॉनचंच जवळचं भावंड. स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांच्यावरून ते ठेवलंय. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या स्पंजमधून पाण्याचा झोत बाहेर पडताना त्यांनी १८२५च्या सुमारास भिंगाखाली पाहिला, आणि १८३६ साली स्पंजांच्या संघाला पोरिफेरा हे नाव दिलं. तोवर स्पंज वनस्पती की प्राणी यावरच वाद चालू होता.

ल्यूकॉनमध्ये निऱ्यांना पुन्हा निऱ्या. रेडियल कॅनॉल मोडून त्यांचे असंख्य लहान गोल कप्पे होतात, आणि कॉलर पेशी त्या कप्प्यांतच. पाणी ऑस्टियातून कातडीखालच्या पोकळ्यांत, तिथून फाटे फुटलेल्या इनकरंट कॅनॉलमध्ये, प्रोसोपाइलमधून कप्प्यात, ॲपोपाइलमधून एक्सकरंट, म्हणजे बाहेर नेणाऱ्या, कॅनॉलमध्ये. हे कॅनॉल ओढ्याला ओढा मिळावा तसे जुळत जुळत ऑस्क्युलमला येतात. स्पंजोसील अशी वेगळी मोठी पोकळी बहुधा उरतच नाही. युरिपायलस, ॲफोडल, डिप्लोडल ही पोटनावं लक्षात ठेवायची असतील तर कप्प्याला शेपटी आहे का एवढं बघा: शेपटी नाही तो युरिपायलस, बाहेर जायच्या बाजूला शेपटीसारखी बारीक नळी असेल तर ॲफोडल, दोन्ही बाजूंना असेल तर डिप्लोडल.

तर "सगळ्यात प्रगत" म्हणायचं का? पेपरात सर म्हणतील तसं लिहा, त्यावरून परीक्षकाशी भांडू नका. पण मला तो शब्द पटत नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८७२ साली कॅल्शियमयुक्त स्पंजांवरच्या अभ्यासात ॲस्कॉन, सायकॉन, ल्यूकॉन अशी मांडणी केली, त्यामुळे ती शिडीसारखी वाटते. खरं तर हे एका अडचणीवरचे तीन उपाय आहेत. लहान अंगाला पिशवी पुरते, मोठ्या अंगाला कप्पेच लागतात, म्हणून मोठे स्पंज बहुतेक ल्यूकॉन पद्धतीचे. एकट्या कॅल्शियमयुक्त स्पंजांच्या वर्गात तिन्ही प्रकार सापडतात. आणि काही स्पंजांनी तर हा पसाराच टाकून दिला. १९९५ साली भूमध्य समुद्रातल्या एका गुहेतला मांसाहारी स्पंज जगापुढे आला. तो आकडीदार स्पिक्यूलनी, म्हणजे अंगातल्या बारीक काट्यांनी, लहान कवचधारी प्राणी पकडतो आणि त्याला नाल प्रणालीच नाही. त्याला मागास म्हणायचं की प्रगत?

पंपाबद्दल एक राहिलं. बाहेर प्रवाह असेल तर स्पंजला थोडं काम फुकट मिळतं. उंच धुराड्याच्या तोंडावरून वारा गेला की आतला धूर वर ओढला जातो, तसं उंचावलेल्या ऑस्क्युलमवरून पाणी वाहिलं की आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन व्होगेल यांनी १९७०च्या दशकात हे जिवंत स्पंजांवर मोजून दाखवलं. म्हणजे प्रवाह असलेल्या जागी पंपाला मदत असते, आणि साचलेल्या पाण्यात मात्र सगळी मदार कॉलर पेशींवर.

आमच्या ट्रेमधल्या स्पंजचं पुढे काय झालं, तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी तो मेला आणि आख्खी प्रयोगशाळा घाण वासानं भरून गेली. चूक माझी. बादलीतून ट्रेमध्ये ठेवताना दगड हवेत धरून मी मुलांना दोन मिनिटं दाखवत बसलो होतो, आणि संध्याकाळी पाणी कमी वाटलं म्हणून नळाचं पाणी ओतलं. इतक्या बारीक नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरला की तो निघत नाही, त्यामागचे कप्पे बंद पडतात. आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. तुम्ही कधी प्रयोग केलात तर सगळं पाण्याखालीच करा आणि त्याच दिवशी दगड तलावात परत ठेवा.

आता तुमची स्लाइड. सायकॉनचा आडवा छेद कमी शक्तीच्या लेन्सखाली ठेवा. मधलं मोठं भोक म्हणजे स्पंजोसील, भोवती कापलेल्या संत्र्याच्या फोडींसारखी रचना. नळीचा आकार बघून ठरवायला जाऊ नका, तिथेच उलटसुलट होतं. अस्तर बघा. ज्या नळीच्या कडेला गडद ठिपक्यांची दाट झालर दिसते, ते कॉलर पेशींचे केंद्रक, म्हणजे ती रेडियल. जिची कड पातळ, जवळजवळ कोरी, ती इनकरंट. मग खात्रीसाठी टोकं तपासा: रेडियल बाहेरच्या बाजूला बंद, आत स्पंजोसीलकडे उघडी, इनकरंट बरोबर उलट. काही नळ्या दोन्हीकडून बंद दिसतील. छेद त्यांच्या तोंडातून गेलेला नसतो एवढंच, त्यांना सोडून शेजारची बघा. प्रोसोपाइल आपल्या विद्यार्थी मायक्रोस्कोपमध्ये बहुतेकदा दिसत नाहीत. तोंडी परीक्षेत "प्रोसोपाइल दाखवा" म्हटलं तर इनकरंट आणि रेडियल यांच्या मधली भिंत दाखवून "इथे असतात, या स्लाइडमध्ये दिसत नाहीत" असं सरळ सांगा. मी परीक्षक असताना या उत्तराला पूर्ण गुण द्यायचो.